आई म्हशीशी बोलायची

तापीकाठच्या आमच्या गावात भावजयीने जेठाशी बोलायचं नसे. माझी आई वडिलांच्या थोरल्या भावाशी, म्हणजे आमच्या मोठ्या बाबांशी, म्हशीमार्फत बोलायची. ते ओसरीवर बसलेले असले की ही गोठ्यातून मोठ्याने म्हणायची, "ऐकस का वं, घरमा मीठ सरी गयं." म्हैस रवंथ करत राहायची आणि मीठ घरात यायचं. आम्हा पोरांना यात काहीच नवल वाटत नसे.

मोठे बाबा गावचे पाटील. हसताना, जेवताना अहिराणी बोलायचे. हुकूम सोडायचा झाला की कचेरीतली मराठी बाहेर काढायचे. ती ऐकली की घर चिडीचूप.

मी चौथी पास झाले. धुळ्याला मुलींच्या वसतिगृहात माझी सोय होईल, पण उद्यापर्यंत घरचा होकार हवा, असं मास्तर ओसरीवर येऊन सांगून गेले. मोठ्या बाबांनी मिशीवरून हात फिरवला. "सदर मुलीचे शिक्षण येथेच थांबविण्यात यावे." जणू मी एखादा अर्जच होते! वडील खाली मान घालून बसले. त्यांचा मला तेव्हा भयंकर राग आला, आजही थोडा येतो.

आई धार काढत होती. "ऐकस का वं," ती म्हणाली, "पोरले शिकू दे म्हना."

"म्हशीला सांगा," मोठे बाबा म्हणाले, "निर्णय झालेला आहे."

आईने चरवी खाली ठेवली. डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि ओसरीसमोर येऊन उभी राहिली. "दादा, तुम्हना पाया पडस. पन मन्ही पोर शिकी."

मोठ्या बाबांना कचेरीतला एक शब्द सुचेना. मग हळूच म्हणाले, "बरं, जाऊ दे तिले."

मी शिकले, मास्तरीण झाले. चार माणसांत उभं राहून बोलते, ते तिच्यामुळे. तिने मात्र मोठे बाबा असेपर्यंत त्यांच्याशी पुन्हा थेट शब्द काढला नाही. तरी विहिरीवरच्या बाया कित्येक वर्षं तिला तोंडाळ म्हणत. ते कानावर आलं तेव्हा मी रडत तिला म्हणाले, "माझ्यापायी तुला हे ऐकावं लागतं."

भाकरी थापता थापता ती म्हणाली, "तू शिकनी ना? मंग बोलू दे त्यासले."