वहिनीची पुन्हा लिहायची अट

माझी वहिनी पाणी शुद्धीकरण केंद्रात ऑपरेटर आहे. नळाला जरा गढूळ पाणी आलं की शेजारीपाजारी नगरपालिकेला फोन करत नाहीत, थेट आमच्या दाराची बेल वाजवतात. सव्वीस वर्षं ती पंप, व्हॉल्व्ह आणि गाळण्याच्या टाक्या सांभाळते आहे. एरवी स्वभावाने शांत. राग माझ्या नाकावर असतो, तिच्या नाही. म्हणूनच तीन आठवडे ती जगभरच्या लोकांशी भांडली आणि त्या भांडणाचं भाषांतर मी केलं, हे सांगितलं तर आमच्या नातेवाइकांना खरं वाटत नाही.

भांडण एका नोंदवहीवरून होतं. केंद्रात प्रत्येक पाळीला काय घडलं ते नोंदवहीत लिहायचं असतं. पूर्वी ती कागदाची होती. दोन वर्षांपूर्वी तिथल्या उपकरणांच्या इंजिनिअरने ती संगणकावर आणली. सॉफ्टवेअर ओपन सोर्स, म्हणजे कुणीही फुकट वापरावं, उघडून बघावं आणि जमलं तर सुधारावं. मी भूगोलाची शिक्षिका, मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. फुकट आहे म्हटल्यावर मी नाक मुरडलं, इतकंच. बाकीचे ऑपरेटर कुरकुरले. वहिनी मात्र खूश होती. कागदाच्या वहीवर एकदा चहा सांडून अख्खा फेब्रुवारी गेला होता. आता दोन नंबरचा पंप गेल्या उन्हाळ्यात कधी तापला ते चुटकीसरशी सापडायचं.

मग ती दुपार आली. चार नंबरची टाकी रिकामी करून फिटर आत उतरला होता. सगळं केंद्र त्याला पाणबुड्या म्हणतं, कारण जिथे कुणी उतरत नाही तिथे तो उतरतो. वहिनीने दीड वाजता नोंद केली: ‘टाकी ४ रिकामी, पाणबुड्या आत, पाणी सोडू नये.’ खाली व्हॉल्व्हला पाटीही लावली. पण व्हॉल्व्ह हल्ली वरून, कंट्रोल रूममधल्या बटणाने उघडतो. पाटी खाली आणि बटण वर. दोन वाजता पाळी बदलली. पुढचा ऑपरेटर सतत काहीतरी गुणगुणत असतो, म्हणून त्याचं नाव गुणगुण्या. त्याने पडदा बघितला. तोवर यंत्रांनी आपोआप टाकलेल्या चौदा नोंदी वर येऊन बसल्या होत्या आणि वहिनीची ओळ खाली गेली होती. चार नंबर बंद दिसतेय, चला सुरू करू, म्हणून त्याने बटण दाबलं.

वहिनी पिशवी खांद्याला लावून जिना उतरत होती. व्हॉल्व्हच्या मोटरचा आवाज तिला कळला. ती उलटी धावली, बटण बंद केलं आणि मगच ओरडली. पाणबुड्या गुडघ्यापर्यंत भिजून वर आला. त्याला खरचटलंसुद्धा नव्हतं. पण घरी येऊन वहिनी ताटावर नुसती बसून राहिली. माझा दादा, म्हणजे तिचा नवरा, दोनदा आमटी गरम करून आला. शेवटी ती म्हणाली, “मी लिहिलं होतं रे. मी लिहिलं होतं आणि कुणी वाचलं नाही.”

दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. तीन आठवड्यांनी पाच नंबरचं काम होतं. पाणबुड्याने हात वर केले. “वहीचं काय ते ठरवा,” तो म्हणाला, “त्याशिवाय मी आत पाय टाकणार नाही.” साहेबांनी लगेच ठरवून टाकलं, पाच नंबरच्या दिवसापासून पुन्हा कागद.

“साहेब, कागदात एक गोष्ट होती ती ह्यात नाही,” वहिनी म्हणाली. “तेवढी घालून घेऊ.”

“कोणाकडून? ते लोक कुठले, आपण कुठले! पंपावरच्या बाईचं ऐकायला बसलेत का ते?”

हे वाक्य घरी आल्यावर तिने मला ऐकवलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिला तेच हवं होतं. “वन्सं,” ती लाडात म्हणाली. मला वन्सं म्हटलं की काहीतरी काम काढलं आहे हे ओळखावं. “तुमचं इंग्रजी चांगलं आहे.”

कागदातली ती गोष्ट अशी होती. कागदाच्या वहीत जे काम अर्धवट राहील ते लाल शाईने लिहायचे. पुढच्या पाळीच्या माणसाने आपलं पान उघडलं की आधी मागच्या पानावरची लाल ओळ स्वतःच्या हाताने उतरवून काढायची, मग बाकीचं. काम संपेपर्यंत ती ओळ पानापानावर पुढे जात राहायची. हा नियम कुणी छापला नव्हता. जुन्याने नव्याला शिकवायचा, बस्स. सॉफ्टवेअर आलं तेव्हा तो सांगायचं कुणालाच सुचलं नाही, कारण तो नियम आहे हेच कुणाला माहीत नव्हतं.

त्या सॉफ्टवेअरच्या साइटवर सूचनांसाठी एक जागा होती. तिथे लोक दोन ओळी खरडतात. आमच्या वहिनीने काय करावं? ‘माननीय महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून’ असा चक्क सरकारी अर्ज लिहिला. खाली अकरा ऑपरेटरांच्या सह्या, पदनामासकट. मी कपाळावर हात मारून घेतला, पण महोदयासकट सगळं भाषांतरित केलं.

सकाळी चहाबरोबर उत्तर हजर. ज्याने हे सॉफ्टवेअर मुळात लिहिलं तो कुठल्याशा दूरच्या गावात राहणारा, पांढऱ्या दाढीचा निवृत्त माणूस होता. आम्ही त्याला आजोबा म्हणायला लागलो. आजोबांनी फार अदबीने कळवलं होतं की नोंदीवर ‘महत्त्वाचं’ अशी खूण करायची सोय आधीपासूनच आहे, धन्यवाद.

“महत्त्वाचं नाही हो, अर्धवट! अर्धवट!” वहिनी पडद्याला म्हणाली. त्याच दिवशी तिने भांडारातून जुनी वही शोधून काढली आणि लागोपाठच्या सात पानांचे फोटो टाकले. एकच लाल ओळ, सात हस्ताक्षरांत. कुणाचं किरटं, कुणाचं आडवं. सातव्या पानावर तिच्यावर रेघ आणि सही.

त्यानंतर जे झालं त्यामुळे मला शाळेत जायला उशीर झाला. मालवाहू जहाजावरच्या एका इंजिनिअरने लिहिलं, अरे, आमच्याकडेही हेच होतं, आम्ही निळा खडू वापरायचो! एका रक्तपेढीतूनही तसाच निरोप आला. एका वेधशाळेत रात्रपाळीला दुर्बीण सांभाळणारी बाई होती, तिने लिहिलं की मला थोडं प्रोग्रामिंग येतं, हे मी करून बघते. वहिनी एकेक निरोप मला मोठ्याने वाचायला लावत होती. “पुन्हा वाच. जहाजवाल्याचं पुन्हा वाच!” सव्वीस वर्षांत तिला कामाबद्दल कुणी काही विचारलं नव्हतं. आता चार मुलखांतले लोक विचारत होते, तुमच्याकडे ओळ खोडायचा अधिकार कुणाला असतो? तिला काय करू न् काय नको असं झालं होतं.

आठव्या दिवशी दुर्बिणवालीने सुधारणा पाठवली. अर्धवट नोंद आता वर चिकटून बसायची आणि पुढच्या पाळीवाल्याने ‘वाचलं’ असं बटण दाबलं की वही उघडायची. आमच्या इंजिनिअरने ती केंद्रातल्या संगणकावर चढवली. टाळ्या झाल्या. दादाने गोड काहीतरी केलं. मीही मनात म्हटलं, सुटले.

चार दिवसांनी वहिनी घरी आली ती हसत. पण हसण्यात काहीतरी बिनसलेलं होतं.

“सोमवारी मी एक अर्धवट नोंद टाकली होती,” ती म्हणाली. “सहा नंबरच्या टाकीत सुसर दिसली. अजून बाहेर काढलेली नाही.”

“मग?”

“मग काय! नऊ जणांनी ‘वाचलं’ दाबलं. साहेबांनी दोनदा.”

मी हसून हसून खुर्चीतून पडायची बाकी होते. ती मात्र गंभीर झाली. “हेच ते. ओळ आपोआप पुढे जाते म्हणून कुणी वाचत नाही. उतरवून काढावी लागायची म्हणून वाचायचे. त्यांना सांग, बटण काढा. माणसाला पुन्हा लिहायला लावा. स्वतःच्या शब्दांत. कॉपी करून चिकटवायची सोय बंद.”

“वहिनी, सगळं जग टायपिंग कमी करायच्या मागे आहे आणि तू वाढवायला सांगते आहेस. हसतील.”

“हसू देत. सुसर पाठव.”

सुसर पाठवली. आजोबांनी या वेळी अदब बाजूला ठेवली. वापरणाऱ्याला मुद्दाम त्रास देणारं सॉफ्टवेअर मी आयुष्यात लिहिलेलं नाही, असं त्यांनी लिहिलं. मी भडकले आणि भाषांतरात माझं स्वतःचं एक तिखट वाक्य घुसडलं. वहिनीला तेवढं इंग्रजी कळतं, हे मला तेव्हा समजलं. तिने ते काढायला लावलं आणि त्या जागी फक्त चार नंबरची हकिगत लिहवून घेतली. किती वाजता नोंद केली, किती वाजता पाळी बदलली, पाणी कुठवर चढलं होतं. वर एक शब्द नाही.

दोन दिवस सगळं चिडीचूप. वहिनी सकाळी उठून आधी संगणक उघडायची आणि बंद करायची. पाच नंबरच्या कामाला आठवडासुद्धा उरला नव्हता. साहेबांनी कागदाच्या वह्या मागवल्यासुद्धा.

तिसऱ्या दिवशी दुर्बिणवाली उगवली. तिने आपल्या वेधशाळेच्या वहीत ‘दुर्बीण चोरीला गेली आहे’ अशी अर्धवट नोंद टाकून बघितली होती. सहा जणांनी ‘वाचलं’ दाबलं, त्यातल्या दोघांनी त्याच दुर्बिणीतून रात्रभर काम केलं. जहाजवाल्याने तर आपलं जहाज बुडाल्याची नोंद केली. तिच्यावर कप्तानाची सही होती. आणि त्या सगळ्यांच्या खाली आजोबांची एकच ओळ: बाईंचं बरोबर आहे, माझं चुकलं, कामाला लागतो.

मी किंचाळले. दादा हातात झारा घेऊन धावत आला. वहिनी उभी राहिली, बसली, परत उभी राहिली आणि मग पदराने चष्मा पुसत म्हणाली, “वन्सं, कामाला लागतो म्हणाले?” मला तिचा इतका अभिमान वाटला की मी उगाचच तिच्यावर खेकसले, शाळेला उशीर होतोय म्हणून.

पाच नंबरच्या आदल्या दिवशी नवी आवृत्ती आली. सुधारणा सुचवणाऱ्यांच्या यादीत वहिनीचं नाव होतं आणि पुढे तिचं पद, पंप ऑपरेटर. तिच्या अर्जात होतं तसंच. सुसरीची हकिगत ऐकल्यापासून साहेब तिच्या नजरेला नजर देत नव्हते. “एक दिवस बघू,” ते म्हणाले. “चुकलं तर कागद.” आणि भाषांतरकार म्हणून मलाही यायची परवानगी दिली.

म्हणून मी त्या दुपारी कंट्रोल रूममध्ये होते. लांबलचक खोली, एका भिंतीला पडदे, खिडकीतून खाली आठ टाक्या. पाणबुड्या एक वाजता पाचमध्ये उतरला, उतरण्याआधी वहिनीकडे बघून. तिने नोंद केली. दोनला पाच कमी असताना गुणगुण्या आला. गेले तीन आठवडे तो गुणगुणत नव्हता. त्याने आपलं नाव टाकलं. वही उघडली नाही. वर वहिनीची ओळ आली: ‘टाकी ५ रिकामी, पाणबुड्या आत.’ खाली रिकामा चौकोन. मागची अर्धवट नोंद स्वतःच्या शब्दांत लिहा.

तो दोन बोटांनी टाइप करायला लागला. पाच, रिकामी, आत. मग थांबला. 

“वहिनी, कोणत्या बाजूला काम चाललंय? शिडी लावलेली आहे ना?”

वहिनी सांगायला गेली आणि तिने ओठ आवळले. “लिहायचं तुम्हाला आहे. बघून या.”

तो चौकोन तसाच ठेवून जिना उतरला. खिडकीतून आम्ही त्याला टाकीच्या कठड्यावर वाकताना पाहिलं. तो बराच वेळ वाकून होता, काहीतरी बोलत होता. साहेबांनी घड्याळाकडे बघितलं. तो वर आला तो धापा टाकत आणि थेट खुर्चीत बसला. एकेक अक्षर शोधत त्याने लिहिलं:

‘टाकी ५ मध्ये पाणबुड्या आणि वेल्डर आहेत. वेल्डर पावणेदोनला उतरला. दोघंही वर येऊन मला दिसेपर्यंत मी पाणी सोडणार नाही.’

वहिनी त्याच्या खांद्यामागे उभी राहून वाचत होती. “वेल्डर?” ती म्हणाली. पावणेदोनला ती क्लोरीनचं माप घ्यायला बाजूच्या खोलीत गेली होती. तिने वरची स्वतःची ओळ पुन्हा वाचली. त्यात माणूस एकच होता.