गार्डाच्या वहीतला सिनेमा

दशरथ तायडे पस्तीस वर्षं रेल्वेत गार्ड होते. निवृत्तीनंतर भुसावळला न परतता जयपुरातच, विद्याधर नगरला राहिले. पण गाडी कुठे किती मिनिटं थांबली हे वहीत टिपायची सवय काही सुटली नाही. आता ती हौस सिनेमांवर भागते. पुरस्कारांचा हंगाम आला, की नावाजलेले सिनेमे ते दुपारच्या खेळाला बघतात आणि घरी येऊन बायकोला, मीराबाईंना, वही वाचून दाखवतात.

"हा बक्षीसवाला. नायक खिडकीत उभा, सहा मिनिटं, विनाकारण. दुसऱ्याला अकरा नामांकनं, आणि मध्यंतरापर्यंत गाडी यार्डातच. मतलब, परीक्षक झोपले होते."

परवा मात्र ते आले आणि वही न उघडता थेट गॅलरीत जाऊन बसले. एका म्हाताऱ्या जोडप्याचा सिनेमा होता, एकही बक्षीस न मिळालेला.

"कसा होता?" मीराबाईंनी विचारलं.

"ठीक. फार हळू."

मीराबाईंनी वही उघडली. सुरुवातीला गाडी सुटल्याची वेळ होती, तीन दहा. पुढे पान कोरं.

"अहो, मग थांबे कुठायत?"

"लिहायला सवड कुणाला होती?" दशरथराव खेकसले.