तोवर खाली बसू नका

गुडघ्यांच्या दवाखान्यात नोकरी केली की किस्से आपोआप साठतात. मी लोणावळ्यात हाडांच्या एका डॉक्टर मॅडमकडे रिसेप्शनला आहे. पेशंट सगळे गुडघ्यांचे, दवाखाना पहिल्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही! खालचा चिक्कीवाला म्हणतो, "जो वर चढून जातो, त्याला काय धाड भरलीय?"

*

औंढ्याच्या शेवंतामावशींच्या गुडघ्यामागे लिंबाएवढी गाठ आली. गाठ म्हटल्यावर बाईंच्या मनात नको नको ते आलं. मॅडम म्हणाल्या, "कॅन्सरबिन्सर काही नाही. गुडघ्याची झीज झालीय, आतलं पाणी मागे साठलंय. याला बेकर सिस्ट म्हणतात."

मावशींनी ऐकलं 'बेकरी'! घरातली खारी त्या दिवसापासून बंद.

त्यांचे मालक, म्हणजे आबा, कधी वर येत नसत. "माजा गुडगा धड हाय, जिना चढून कशाला बिगडवू?" असं म्हणून खाली स्कूटरवर बसायचे. पुढच्या खेपेला मॅडम खिडकीत दिसल्याबरोबर खालून ओरडले, "मॅडम, माज्या खारीनं तुमचं काय घोडं मारलं?"

*

परंदवडीचे एक फिटर आले. तसलीच गाठ. "सुईनं पाणी काढा एकदाचं!"

"काढता येईल. पण आतली झीज तशीच राहिली, तर परत भरेल."

"म्हणजे व्हॉल्व लीक, आणि आपण नुसती फरशी पुसायची?"

"बरोबर! म्हणून आधी व्यायाम. रोज, न चुकता."

फिटर जरा विचारात पडले. म्हणाले, "मग फरशीच पुसा."

*

एका बंगल्याच्या वॉचमननं कुणाकडून तरी गाठ रगडून घेतली. दुसऱ्या दिवशी पोटरी टम्म सुजलेली, पण स्वारी खूश. "मॅडम, गाठ गेली!"

"गेली नाही, फुटून खाली उतरलीय!" मॅडम म्हणाल्या. हसल्या मात्र नाहीत. रक्ताची गुठळी नाही ना, हे बघायला त्याला तडक सोनोग्राफीला पिटाळलं. नशिबानं नव्हती.

*

मावशींना सुई लागलीच नाही. बर्फाचा शेक, पट्टा आणि व्यायाम यांवरच सूज उतरायला लागली. मॅडम म्हणाल्या, "महिन्यानं दाखवायला या. तोवर खाली बसू नका."

मावशींचा चेहराच पडला. लग्न झाल्यापासून दोघं जमिनीवर समोरासमोर बसून जेवायची. आबांनी खुर्ची आणली, पण एकच! खालून मला म्हणाले, "आता ही सायबीन वर, आन मी हिचा गडी खाली!"

मी पोट धरून हसले होते. आता ते आठवलं की जिवाला लागतं.

दुखायचं थांबलं आणि मावशी दाखवायला आल्याच नाहीत.

*

परवा आल्या, जवळजवळ दोन वर्षांनी, लेकीबरोबर. मी सवयीनं खिडकीतून खाली पाहिलं. स्कूटर नव्हती.

मॅडमनी गुडघ्यामागे चाचपलं. "गाठ कुठंय आता? छान आहे की गुडघा! जेवायला कशावर बसता?"

"खुर्चीवर. तुमीच म्हनला व्हता न्हवं, दाखवायला येस्तोवर खाली बसू नका?"

"अहो मावशी, ते महिन्याभरापुरतं होतं! आजपासून खुशाल बसा खाली, आबांच्या समोर."

मावशी पदराशी चाळा करत राहिल्या.

"आबा दिवाळीत गेलं, मॅडम. शेवटपत्तुर म्हनायचे, 'एक दिस तरी खाली ये की जेवायला.' मी म्हनायचे, आधी मॅडमना दाखवून येऊ द्या."