दाखला कुठे आहे?

मॅचची बातमी पेपरात सहा ओळींची लागते. त्या सहा ओळींसाठी ग्राउंडवर तीन तास उभं राहावं लागतं. सहा ओळी वजा केल्यावर जे उरतं ते कुठे ठेवायचं, हे कुणी शिकवत नाही. माझं ते पर्समध्ये साठतं. वाइप्सचं पाकीट, एक छोटा मोजा (जोडीतला कधीच नाही) आणि त्याखाली हे किस्से. परवा पर्स झटकली तेव्हा म्हटलं, आता कुणाला तरी सांगूनच टाकावं.

मी नगरच्या एका छोट्या दैनिकात कॉलेज फुटबॉल कव्हर करते. पार्टटाइम. मुलींचं फुटबॉल. हो, आमच्याकडे मुली फुटबॉल खेळतात आणि उत्तम खेळतात. हे मला दर लग्नात किमान दोन मावश्यांना सांगावं लागतं. शहरात दोन कॉलेजांचे संघ तगडे आहेत. नावं सांगत नाही, जर्सीचे रंग सांगते. लाल संघ माझ्याकडे, निळा संघ केतनकडे.

केतन म्हणजे आमचा दुसरा पार्टटाइम. वय पंचवीस, बाईक, घरी जायची घाई नाही. माझं वय एकतीस, स्कूटी, आणि साडेतीन वर्षांची ईरा. यंदा क्रीडा पानावर पूर्णवेळची एक जागा निघणार होती. एकच! तेव्हा आधीच कबूल करते. पुढच्या प्रत्येक किश्शात मी केतनवर जळते आहे. उगाच शोधत बसू नका.

*

जळण्याची सुरुवात मोजण्यापासून झाली.

एका सोमवारी केतनची बातमी छायाचित्रासह आली, माझी खाली कोपऱ्यात, पंचांगाशेजारी. मी ईराची पंधरा सेंटिमीटरची पट्टी घेतली आणि डायनिंग टेबलावर पेपर पसरून त्याची बातमी मोजायला बसले. रुंदी झाली, उंची झाली, तेवढ्यात सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या.

"काय मोजतेस गं?"

"काही नाही आई, पडद्याचं माप घेत होते."

त्यांनी चष्मा खाली ओढून टेबलाकडे पाहिलं.

"मग पडद्यावर केतनचं नाव कशाला?"

*

लाल संघाचे कोच सॅम्युएल सर. माणूस देव, पण बोलत नाही. सामना जिंकल्यावर विचारलं, "सर, कसं वाटतंय?" तर म्हणाले, "ऊन आहे." हरल्यावर विचारलं, "सर, कुठे चुकलं?" तर म्हणाले, "ग्राउंडवर." केतनच्या निळ्या संघाचे कोच मात्र प्रश्नाआधीच उत्तर देतात, तेही परिच्छेद पाडून!

सॅम्युएल सर एकाच व्यक्तीशी बोलतात. ईराशी. तिला पाळणाघराला सुट्टी असली की मी ग्राउंडवर नेते. एकदा सेमी-फायनलच्या आदल्या दिवशी सरांनी तिच्या डब्यातली बिस्किटं घेतली आणि बाकावर मांडून तिला अख्खा व्यूह समजावला. "ही आपली डिफेन्स. ही मधली फळी. या दोघी पुढे." मी आपली पाण्याची बाटली शोधण्याचं नाटक करत सगळं कान देऊन ऐकत होते. एक्स्क्लुझिव्ह! सर उठून गेल्यावर बिस्किटं नीट मोजली आणि दुसऱ्या दिवशी ठोकून दिलं : 'लाल संघ ४-३-२ रचनेत उतरणार.'

सकाळी सातला केतनचा फोन.

"मॅडम, बातमी मस्त आहे. फक्त गोलकीपर धरून दहाच होतात."

मी ईराकडे पाहिलं. ती म्हणाली, "एक मऊ होतं."

*

आता भरतीचं सांगते. बारावी झालेल्या चांगल्या खेळाडूला आपल्या कॉलेजात ओढायचं, याला बाहेर काय म्हणतात माहीत नाही, आमच्याकडे त्याचा थेट बघण्याचा कार्यक्रम असतो. कॉलेजचे क्रीडा संचालक, कोच आणि एखादे वजनदार प्राध्यापक गाडीतून गावी जातात. नारळ, टॉवेल, टोपी. घरचे पोहे करतात. पोरगी आतून पाण्याचा तांब्या घेऊन येते आणि ज्या हातांनी काल पेनल्टी अडवली त्याच हातांनी चहा देते.

शेवगावजवळ एका घरी लाल आणि निळे एकाच वेळी पोचले. इकडचे चार, तिकडचे चार, मध्ये पोह्यांचं एकच पातेलं. दोन टोप्या एकावर एक घालून आजोबा बसले होते. निळ्यांचे संचालक अर्धा तास बोलले. फी माफ, हॉस्टेल फुकट, बूट, प्रवास. आजोबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं,

"ते समदं ऱ्हाऊ द्या. गिराउंड सोताचं हाय का भाड्याचं?"

निळ्यांचं भाड्याचं! पोरगी तेवढ्यावर लालकडे आली. (ही बातमी माझी होती. पंचांगाशेजारी आली.)

पण या धंद्यातलं खरं शास्त्र मला त्या दिवशी लाल कॉलेजच्या एका शिपायाने सांगितलं. होकाराला अर्थ नसतो, सत्काराला नसतो, फोटोला तर अजिबात नसतो. शाळा सोडल्याचा मूळ दाखला ज्या कॉलेजच्या कपाटात गेला, खेळाडू त्याचा. दाखल्याशिवाय प्रवेश पक्का होत नाही, आणि एकदा जमा झालेला दाखला परत मिळवायचा म्हणजे चपला झिजतात. म्हणून भरतीला गेलेली मंडळी सारखं म्हणत असतात, "जरा दाखला बघू." आणि आमच्या ऑफिसात भाऊसाहेब, म्हणजे आमचे क्रीडासंपादक, खेळाडू कुठे आहे असं कधीच विचारत नाहीत. विचारतात, "दाखला कुठे आहे?"

*

केतन वाईट असता तर माझं सोपं झालं असतं.

श्रीरामपूरला लाल-निळ्यांची मॅच होती. शून्य-शून्य. शेवटची दहा मिनिटं, आणि सासूबाईंचा फोन. "ईरा गरम लागतेय." किती गरम? "हाताला." थर्मामीटर लावा ना. "तो पीं पीं करतो." मग काय आकडा आला? "दिसत नाही, चष्मा कुठेय?" मी पाठ फिरवून, एका कानात बोट घालून, चष्मा शोधायला मदत करत होते. चष्मा सापडला, ताप नव्याण्णव निघाला. मी वळले तर मैदानावर मुली एकमेकींच्या अंगावर पडून नाचत होत्या. एकमेव गोल झाला होता आणि मी तो पाहिला नव्हता!

विचारायचं कुणाला? शेजारी केतन. माझ्या जागी तो असता तर मी त्याला काय सांगितलं असतं, याची मला मनातल्या मनात चांगली कल्पना होती.

त्याने न विचारता वही पुढे केली. "सात नंबर, सत्त्याऐंशीवं मिनिट, डावा पाय, कॉर्नरवरून. ईरा बरी आहे ना?"

मी ते सगळं उतरवलं, पण घरी येऊन तिघांना फोन करून खात्री केली. सगळं बरोबर होतं. एवढा राग आला म्हणता! चुकीचं सांगितलं असतं तर वर्षभर पुरलं असतं मला.

*

आता रेश्मा.

रेश्मा जामखेडच्या पुढच्या एका वस्तीवरची गोलकीपर. यंदा बारावी झाली. उंच, शांत, आणि बॉल तिच्याकडे स्वतःहून जातो असं वाटतं. लाल आणि निळे दोघंही महिनाभर तिच्या दारात. भाऊसाहेबांनी मला आणि केतनला समोर उभं केलं.

"रेश्माची बातमी जो पहिली आणील, जागा त्याची. आता मला आणखी काही विचारू नका."

केतन दुसऱ्याच दिवशी बाईकवर जाऊन आला. मी चार दिवसांनी गेले, कारण पाळणाघर, कारण सासूबाईंचे गुडघे, कारण नवऱ्याची ऑडिट व्हिजिट. शेवटी ईराला कडेवर घेऊन एसटीने. ती दोनदा ओकली. एकदा माझ्यावर.

रेश्माची आई, मंदाबाई, घरी एकटीच होती. रेश्मा प्रॅक्टिसला गेलेली. मंदाबाईंनी आधी ईराचं तोंड धुतलं, मग माझी ओढणी. मी वही काढली. विचारायचं होतं, "कुठलं कॉलेज?" आणि तोंडातून काय निघालं? "हॉस्टेलचं पाहिलंत का हो तुम्ही? आतून कडी आहे का? रात्री ताप आला तर कोण बघणार तिला?"

वा! असे वार्ताहर असल्यावर पेपर चालणार!

मंदाबाईंनी ओढणी दोरीवर टाकली. "ते दुसरं पेपरवालं आल्तं. फोटू काढलं, चा पिलं, गेलं. समदे येत्यात, बूट सांगत्यात, फी सांगत्यात. कडीचं कुनीच न्हाई इचारलं बघा."

मग त्या आत गेल्या आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक कागद घेऊन आल्या. दाखला. मूळ दाखला!

"रोज कुनीतरी येतंय आन म्हनतंय, बगू जरा. एकदा बगितला की द्यायचे न्हाईत. तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या ताई. आमचं ठरलं की मागून घेईन. पर कुनाला सांगायचं न्हाई. पेपरात तर न्हाईच न्हाई."

"नाही सांगणार," मी म्हटलं.

"पोरीच्या डोक्यावर हात ठिवून म्हना."

ईरा माझ्या मांडीवर होती. ठेवला हात.

नगर जिल्ह्यातली सगळ्यात मोठी क्रीडा बातमी घेऊन मी सावेडीला घरी आले आणि ती ईराच्या लसीकरणाच्या फाईलमध्ये ठेवून दिली.

तिसऱ्या दिवशी पेपर उघडला. क्रीडा पान, वरचा मथळा, चार कॉलम. 'रेश्मा निळ्या संघात! दाखला जमा.' खाली केतनचं नाव.

मी पळत जाऊन फाईल उघडली. दाखला होता. पोलिओच्या पानामागे.

ऑफिसात भाऊसाहेब म्हणाले, "ताई, तुम्ही जामखेडला जाऊन काय केलंत?"

"ओढणी धुतली," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

"अजून तीन दिवस आहेत प्रवेशाला. लालवाले म्हणतात बातमी खोटी आहे. असेल तर पुरावा आणा. मी त्याच जागी, त्याच मापात तुमची छापतो."

त्याच मापात! त्या दुपारी ईरा झोपल्यावर मी दाखल्याचा मोबाईलवर फोटो काढला. छान आला. खिडकीजवळ नेऊन आणखी चांगला काढला. भाऊसाहेबांचा नंबर उघडला. ईराने कूस बदलली, तिचे केस कपाळावर चिकटले होते. मी दोन्ही फोटो डिलीट केले आणि मग स्वयंपाकघरात जाऊन केतनला मोठ्याने एक शिवी दिली. सासूबाईंनी हॉलमधून विचारलं, "पडदे का?"

शेवटच्या दिवशी सकाळीच मंदाबाई आणि रेश्मा दारात. पहिल्या एसटीने आल्या होत्या. दाखला दिला. मंदाबाईंनी तो पिशवीत घातला, पण उठल्या नाहीत. रेश्मा ईराला आपले ग्लोव्ह्ज घालून देत होती. ते ईराच्या कोपरापर्यंत येत होते.

"ताई, आमचं न्हाई ठरलं," मंदाबाई म्हणाल्या. "हिला दोन्हीकडं खेळायला सारखंच. तुमी दोन्ही बगितलीत. तुमची पोरगी असती तर कुठं घातली असती?"

मी पाणी आणायला आत गेले. पाणी आधीच समोर ठेवलेलं होतं, तरी गेले.

लाल म्हणायचं की झालं. दाखला लाल कपाटात, केतनची बातमी खोटी, माझी चार कॉलम, जागा माझी, सॅम्युएल सरांना राज्यातली सगळ्यात चांगली गोलकीपर. आणि लाल संघ काही वाईट नाही हो! फक्त त्यांच्या हॉस्टेलचं मागचं दार मी पाहिलेलं होतं. वरची कडी तुटलेली, दोरी बांधलेली. वॉर्डनबाई सहाला घरी जातात. निळ्यांकडे मेट्रन तिथेच राहतात, मुलींना ओरडतात, आणि एकीला डेंग्यू झाला तेव्हा चार रात्री उशाशी बसल्या होत्या. हेही मला ठाऊक होतं. केतननेच सांगितलेलं.

मी बाहेर आले.

"निळ्यांकडे," मी म्हटलं.

"चला मंग," मंदाबाई म्हणाल्या आणि उठल्या. रिक्षा मीच करून दिली. गेटपर्यंत सोबतही गेले, आत नाही.

संध्याकाळी ऑफिसात टाळ्या वाजत होत्या. निळ्या कॉलेजचा फोन येऊन गेला होता. रेश्माचा प्रवेश पक्का, दाखला जमा. भाऊसाहेब सगळ्यांना सांगत होते, "याने तीन दिवस आधी लिहिलं होतं! तीन दिवस!" जागेचं पत्र केतनच्या हातात होतं.

तो पेढ्यांचा बॉक्स घेऊन माझ्या टेबलाशी आला. जरा लाजलेलाच होता.

"केतन," मी विचारलं, "तीन दिवस आधी कळलं कसं रे तुला? कोण होता सोर्स?"

त्याने इकडेतिकडे पाहिलं, माझ्याकडे वाकला आणि अगदी आपुलकीने म्हणाला,

"मॅडम, राग मानू नका, पण एक गोष्ट शिका. सोर्स कधी कुणाला सांगायचा नसतो."

"शिकते," मी म्हटलं, आणि दोन पेढे उचलले.