कपडे बदलायची खोली

नोकरीतल्या कितीतरी घटना आता विसरलो. ही मात्र विसरता येत नाही. तेव्हा मी भिवंडीत एका पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो. सकाळची हजेरी चालू असताना एक बाई ठाण्याच्या फाटकाशी दोनदा येऊन परत गेली. तिसऱ्यांदा आमच्या हवालदारबाई तिला हाताला धरून आत घेऊन आल्या.

बाई अंबाडीकडची, गोदामात पॅकिंगला. तिने मोबाइल माझ्यापुढे सरकवला. अनोळखी नंबरवरून मेसेज होता : 'पाठीवरचा भाजल्याचा डाग आता कमी दिसतो. कुठलं मलम लावतेस?'

"साहेब, ह्यो डाग नवऱ्याबिगर कुनाला ठावं न्हाय. तो म्हनतो, तूच कुनाला तरी दावलास. चार दिस झाले, अंगावरच्या साडीनिशी आंघोळ करते."

ती खोटं बोलत नव्हती. खोटं बोलणारा समोरच्याचा चेहरा वाचतो. ही सारखी आमच्या भिंती न्याहाळत होती.

फिर्याद नोंदवून नंबरची माहिती मागवली. हवालदारबाईंनी तिच्या घरची मोरी तपासली. काही सापडलं नाही. मग दोन पंच घेऊन गोदामात गेलो. तिथे बायका युनिफॉर्म घालायला एका खोलीत एकेक करून जात. पन्नाशीच्या, शांत सुपरवायझरने दार उघडलं. बायका त्याला दादा म्हणत.

"मॅनेजरशी भांडून ही खोली मीच मिळवून दिली, साहेब. आधी बिचाऱ्या रॅकच्या आड कपडे बदलायच्या."

हवालदारबाई आतल्या बाकावर जाऊन बसल्या आणि समोर बघत म्हणाल्या, "साहेब, सेलवर चालणाऱ्या घड्याळाला वायर कशाला?"

घड्याळ उघडलं. आत कॅमेरा आणि मेमरी कार्ड.

"हे कोणी लावलं?"

"दादांनी," दारात जमलेल्या बायकांपैकी एक म्हणाली.

चौकशीत तो बराच वेळ नाकबूल होता. सिम त्याच्याच नावावर निघालं, तेव्हा तोंड उघडलं.

"मेसेज का पाठवलास?"

"नुसतं बघून मन भरेना. आपण बघतोय हे तिला कळावं, असं वाटायला लागलं. पण साहेब, मी कोणाला बोट तरी लावलंय का?"

आपण काही वाईट केलं असं त्याला खरोखरच वाटत नव्हतं. खुनाचे आरोपी समोर बसवले तेव्हा वाटली नाही, ती भीती मला त्या माणसाची वाटली.

कार्डात गोदामातल्या सगळ्याच बायका होत्या. पुढे त्याला शिक्षा झाली. त्याआधी, तपास चालू असतानाच, त्या बाईचा नवरा ठाण्यात येऊन तिच्याशेजारी मान खाली घालून बसला. पुरवणी जबाबावर सही करता करता तिने विचारलं, "साहेब, त्यातलं तुमी बघितलं काय?"

खात्री करण्यासाठी सुरुवातीचा भाग मी आणि पंचांनी पाहिला होता.

"हो," मी म्हणालो.

तिने पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला आणि पुन्हा माझ्याकडे पाहिलं नाही.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत असं चित्रण मी स्वतः पाहिलं नाही. बंद खोलीत, महिला अधिकारी आणि महिला पंच, तेही लागेल तेवढंच. कायद्याने मला पाहण्याचा अधिकार होता. पण तिला न विचारता तिला पाहणाऱ्यांत त्या दिवशी आणखी एकाची भर पडली होती, आणि तो मी होतो.