डावं मडगार्ड

चूक माझी होती. ती आधी सांगतो, म्हणजे पुढच्या प्रवासात काय बिघडलं ते कळेल. आदल्या वर्षी कंपनीच्या कामाने स्टुटगार्टला गेलो तेव्हा ताईकडे उतरलो होतो. भाऊजींच्या गॅरेजमध्ये साठच्या दशकातली त्यांची इटालियन गाडी उभी होती. गाड्यांच्या बॉडीची मापं तपासणं हा माझा पुण्यातला पेशा. सवयीने टेप लावली आणि बोलून गेलो, "भाऊजी, डावं मडगार्ड बोटभर बुटकं आहे. ही गाडी ठोकलेली आहे."

"पुरे तुमचं डावं-उजवं," ताई दारातून म्हणाली, "वरण निवतंय!"

मी हसलो. भाऊजी हसले नव्हते.

२००६च्या मे महिन्यात पुन्हा जाणं झालं. फ्रँकफुर्टहून आगगाडी. शेवटी डोंगरांच्या वाटीत बसलेलं ते शहर आलं. भाऊजी फलाटावर उभे होते.

"आल्झो (तर मग), सुहास, बॅग टाक आणि आधी गॅरेजमध्ये चल."

गाडी तीच, निळसर राखाडी, लांब नाकाची. त्यांनी माझ्या हातात टेप दिली. मी डावीकडे लावली, उजवीकडे लावली. तंतोतंत.

"जुनं कापून काढलं, नवीन घडवून घेतलं. आता बोल!"

"वा," मी म्हणालो. खरंच आनंद झाला होता.

"ऑगस्टमध्ये आल्प्स ओलांडून तुरिनला नेणार. जिथे जन्मली तिथे दाखवून आणणार. तुझी ताई नाही म्हणतेय, पण येईल."

रविवारी नेकार नदीकाठच्या एका गावात ओल्डटायमरांचा (जतन केलेल्या जुन्या गाड्यांचा) मेळावा होता. आम्ही दोघंच निघालो. वाटेत भाऊजी भरभरून बोलत होते. या जातीच्या गाड्यांना 'ग्रान तुरिस्मो' म्हणतात, म्हणजे मोठा प्रवास. शर्यतीच्या गाडीचं काळीज, पण बसायला मऊ कातडं आणि मागे दोन बॅगा बांधायला पट्टे. सकाळी मिलानहून निघावं आणि जेवायला समुद्रावर पोचावं, यासाठी बनवलेल्या. इंजिन एका कारखान्याचं, बॉडी दुसऱ्याची. लाकडी साच्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा ठेवून हातोडीने ठोकत आकार द्यायचे.

"एका गाडीचं बॉनेट दुसरीला बसत नसे म्हणतात," भाऊजी म्हणाले.

हे ऐकूनही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही, याची आज लाज वाटते.

द्राक्षमळ्यांच्या चढावर तापमानाचा काटा वर सरकू लागला.

"हीटर लाव! पूर्ण!"

"भाऊजी, एवढ्या उकाड्यात?"

"इंजिनचा ताप आपण घ्यायचा. संसारात हेच करतो ना?"

काचा खाली करून, घामाने निथळत आम्ही गावात पोचलो. माउलटाशेन (सारण भरलेले, उकडलेले पिठाचे चौकोन) खाल्ले. भाऊजी कॉफी आणायला गेले आणि मी गाड्यांच्या रांगेतून फिरू लागलो.

आमच्याच मॉडेलच्या आणखी दोन होत्या. मी लाल गाडीसमोर वाकलो. डावं मडगार्ड बुटकं. पांढरीकडे गेलो. तिचं उजवं. हात फिरवून पाहिला. कुठे जोड नाही, सांधा नाही. घडतानाच तशी घडलेली.

लाल गाडीच्या मालकीणबाई, पांढऱ्या केसांच्या, खुर्चीत विणत होत्या. म्हणाल्या, "इकडून बघा, हसते. तिकडून बघा, रुसते. दोन बाजू दोन माणसांनी ठोकल्या, दोघांचं पटत नसणार!"

तेवढ्यात भाऊजी कॉफी घेऊन आले. त्यांनी शेवटचं वाक्य ऐकलं असावं. तरी म्हणाले, "आमची दोन्हीकडून सारखी आहे."

बाई उठल्या, आमच्या गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाल्या, "खूप स्वच्छ काम आहे."

जर्मन माणसाची ही सभ्यता फार थंड असते. भाऊजींनी कॉफीचा कप बराच वेळ तोंडाला लावला नाही.

परतताना मी विचारलं, "जुनं मडगार्ड ठेवलंय का?"

"नाही. वर्कशॉपवाल्याने दोनदा विचारलं, ठेवू का म्हणून. मी म्हटलं, फेकून दे. माझा मेहुणा पुण्यात हेच काम करतो."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर सोसला असता. कुणा कारागिराचा हात त्या पत्र्यात चाळीस वर्षं टिकला होता. माझ्या एका वाक्याने तो भंगारात गेला होता आणि कितीही हळहळलं तरी परत येणार नव्हता. गाडीत बोलायचं ठरवलं, नाही बोललो. निघायच्या दिवशी हाउप्टबानहोफवर (मुख्य स्टेशनवर) त्यांनी बॅग चढवून दिली, तेव्हाही 'येतो' एवढंच म्हणालो.

पुण्यात आल्यावर काही आठवड्यांनी ताईचा फोन आला. "ह्यांनी तुरिनचं रद्द केलंय. गाडीवर कापड घातलंय. विचारलं तर म्हणतात, दाखवण्यासारखं काही उरलं नाही. तुमचं काही झालं का रे?"

"त्यांना फोन दे."

"अहो, सुहास बोलतोय..."

"जा (हं), बोल," भाऊजी म्हणाले.

"भाऊजी, तुमची गाडी कधीच ठोकलेली नव्हती. ती तशीच जन्मली होती. मला कळत नव्हतं आणि कळतं अशा थाटात बोललो. मेळाव्यात कळलं, तरी तोंड उघडलं नाही. मी चुकलो. मला माफ करा."