खिडकीतला जावई

माझी फजिती तुम्हाला कोणीतरी तिखटमीठ लावून सांगणारच आहे, त्यापेक्षा मीच सांगतो. चहा घ्या आधी. आणि हसायचं असेल तर घोट गिळून हसा!

तर मी एका इंग्रज माणसावर जळत होतो. खोटं कशाला बोलू? आमची बायको मोबाइलवर इंग्रजांच्या जुन्या कादंबरीवरची मालिका पाहते. मोठमोठे बंगले, घोडागाड्या, पायघोळ झगे घातलेल्या बाया. आणि त्यात तो नट! लांब कोट, हात मागं बांधलेले, खिडकीशी उभा. भाग संपत आला तरी हा बाबा तिथंच! आणि इकडं आमची भाजी करपलेली.

"काय रुबाब हाय वो त्याचा!" ती म्हणायची. माझ्या रुबाबाबद्दल लग्नापासून एक अक्षर नाही!

मी कामरगाव-कारंजा जीप चालवतो. सीट भरायच्या तर ओरडावं लागतं, त्यामुळं तोंड कायम चालू. तो माणूस मात्र मी डोकावावं तेव्हा नुसता खिडकीबाहेर पाहत उभा. मी म्हटलं, हेच बेट्याचं गुपित!

तेवढ्यात धोंड्याचा महिना आला. किन्हीराजाहून सासऱ्यांचं बोलावणं आलं, धोंडे जेवायला या. मी ठरवलं, हिच्या माहेरातच हिला दाखवून द्यायचं. भर उन्हाळ्यात लग्नातला कोट चढवला आणि पोचल्याबरोबर हात मागं बांधून खिडकीशी उभा राहिलो. समोर उकिरडा होता, तरी दूर कुठंतरी पाहत राहिलो.

"जावईबुवा, पानी घ्या," सासूबाई म्हणाल्या.

मी नुसती मान हलवली.

"परवास बरा झाला ना?" सासऱ्यांनी विचारलं.

मी डोळे बारीक केले.

ताटं वाढली. मी जागचा हललो नाही. तो नट कधी पहिल्या हाकेला जेवायला बसतो का? पण धोंड्याच्या जेवणाला जावई ताटावर बसला नाही तर सासरी काय हाहाकार उडतो, हे मी पार विसरलो होतो!

आत कुजबुज सुरू झाली. "जावई रुसले वाटते." "काहून? काय कमी पडलं आपलं?" शेजारचे काका धावत आले. "अरे, त्यायले काहीतरी पाह्यजे असन!"

सासऱ्यांनी हातातलं घड्याळ काढून माझ्यापुढं ठेवलं. आता तरी बोलावं ना? पण दारातून बायको माझ्याकडं पाहत होती. टक लावून! पहिल्यांदाच! मी खोल सुस्कारा सोडला.

"घड्याळानं नाई भागत," काका म्हणाले.

मग साळ्यानं नव्या मोटरसायकलची चावी आणून ठेवली. बिचाऱ्याचे डोळे भरले होते. इकडं कोटात माझा घामानं जीव चाललेला, त्यामुळं दुसरा सुस्कारा आपोआप निघाला. जरा वेळानं पाहतो तर काय, सासरे दुभती म्हैस सोडून खिडकीखाली घेऊन उभे!

सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला. "घेऊन जा बाप्पा हिले बी. पन दोन घास खा."

आणि बायको आली. हातात लाटणं!

"काय मागून राह्यले तुमी माह्या बापाले? बोला! नाईतं मी कामरगावले येतच नाई!"

रुबाब गेला खड्ड्यात. मी ओरडलोच, "अवं, मले म्हैस नाई पाह्यजे! मी तं तुह्या त्या सिरियलवाल्यावानी उभा होतो! तुले तो गुमान राह्यनारा मानूस आवडते ना? जीव जळते माहा!"

खिडकीखाली म्हैस रेकली.

साळ्यानं आधी चावी खिशात टाकली. मग म्हणाला, "ताई, गुमान तं हे बी राह्यले. मंग त्याच्यातच काय आवडते तुले?"

"तो कुठं गुमान राह्यते?" बायको म्हणाली. "मस्त बोलते. पन इंग्रजीत बोलते, मले एक शब्द समजत नाई, म्हनून तं गोड वाटते! ह्यायचं सारंच समजते."